एका लाकडाचं नेमकं वर्ष: वर्षवलयं आणि कार्बन-१४ यांची सांगड कशी घालावी

एका जुन्या तुळईच्या कार्बन-१४ वयाचा प्रयोगशाळेचा अहवाल येतो: २,४५० ± २५ वर्षं. आकडा आटोपशीर दिसतो, इकडे-तिकडे पंचवीस वर्षांचाच तर प्रश्न. पण हाच आकडा कॅलिब्रेशनच्या वक्रावर (कार्बन-१४ च्या वयाचं खऱ्या वर्षांत रूपांतर करणाऱ्या आलेखावर) ठेवला की तो इ.स.पू. ७५५ च्या आसपासपासून थेट इ.स.पू. ४१० पर्यंत पसरतो. जवळजवळ साडेतीनशे वर्षं! नमुना जाळून झाला, पैसे खर्च झाले आणि हाती जे आलं ते भांड्यांच्या घाटावरूनही सांगता आलं असतं.

त्याच तुळईत शंभर वलयं असतील आणि एकाऐवजी पाच-सहा ठिकाणची वलयं मोजली, तर हा पल्ला अनेकदा दोन-तीन दशकांवर येतो. नशिबाने योग्य काळ सापडला तर एका वर्षावर. यंत्र तेच, प्रयोगशाळा तीच. फरक एवढाच की आपण लाकडाकडून एक जादा माहिती घेतलेली असते: या वलयापासून त्या वलयापर्यंत नेमकी किती वर्षं. ती माहिती भिंगाखाली मोजून मिळते आणि तिच्यात ± नसतं. म्हणून माझं म्हणणं असं की नमुना पाठवण्याची घाई करू नका. चांगली तारीख निम्म्याहून अधिक मोजणीच्या टेबलावरच तयार होते.

वक्राला वळणं कशामुळे?

विश्वकिरणांमुळे वातावरणाच्या वरच्या थरांत न्यूट्रॉन सुटतात, ते नायट्रोजनवर आदळतात आणि कार्बन-१४ तयार होतो. झाड तो कार्बन डायऑक्साइडमधून घेतं आणि त्या वर्षीच्या वलयात बांधून टाकतं. सेल्युलोज (लाकडाचा मुख्य तंतुमय घटक) एकदा बनलं की त्याची हवेशी देवाणघेवाण संपते, मग झाड पुढे हजार वर्षं जगलं तरी. तिथून पुढे त्यातला कार्बन-१४ ठरावीक वेगाने घटत जातो, आणि किती उरला त्यावरून वय काढतात. म्हणूनच एकाच जिवंत खोडात सालीजवळ आजचा कार्बन असतो आणि गाभ्याशी हजार वर्षांपूर्वीचा.

विलर्ड लिबी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस शिकागोत ही पद्धत बसवली (त्यांना १९६० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं), तेव्हा हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण कायम सारखंच असतं असं गृहीत धरलं होतं. १९५८ मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन इथे हेसेल डी व्रीस यांनी ज्ञात वयाच्या वलयांवरून दाखवलं की ते सारखं नसतं. सूर्याची सक्रियता, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र, समुद्रांची घुसळण, सगळ्यांचा त्यावर परिणाम होतो. पुढे हान्स सूस यांनी कॅलिफोर्नियातल्या व्हाइट माउंटन्समधल्या ब्रिसलकोन पाइनची वलयं मोजली आणि वक्रातल्या बारीक वळणांचं चित्र उभं राहिलं. जर्मनीतल्या नद्यांच्या गाळात गाडलेले ओक आणि पाइन, आयर्लंडच्या दलदलीतले ओक, असं करत साखळी मागे नेली गेली. आज उत्तर गोलार्धासाठी वापरात असलेला इंटकॅल२० हा वक्र ५५,००० वर्षांपर्यंत जातो. त्यातली अलीकडची सुमारे १३,९०० वर्षं वर्षवलयांवर उभी आहेत. त्यामागचा भाग सरोवरांचा गाळ, गुहांमधले चुनखडीचे स्तंभ, प्रवाळ यांच्या आधारावर आहे आणि तो तितका तपशीलवार नाही.

वक्र जिथे आडवा होतो तिथे शेकडो वर्षांच्या लाकडाला एकच ‘वय’ मिळतं. वरचं उदाहरण अशाच एका सपाट टप्प्यातलं, इ.स.पू. ८०० ते ४०० मधलं. एक नमुना तिथे हरवतो. पण सहा नमुन्यांची रांग आपला आकार घेऊन जाते, आणि तो आकार वक्रावर मोजक्याच जागी बसतो. यालाच विगल-मॅचिंग म्हणतात. आपण त्याला वळणजुळणी म्हणू.

पहिली पायरी: तुकडा पारखणं

आधी साल पाहा. साल नसेल तर सालीखालची नैसर्गिक, गोलसर, न तासलेली कड. ती कड असेल तर शेवटचं वलय म्हणजे झाड तोडलं ते वर्ष. ती नसेल तर कितीही महागडं मोजमाप केलं तरी उत्तर ‘या वर्षानंतर कधीतरी’ इतकंच येणार. एखाद्या ढिगातून एकच तुकडा निवडायचा असेल तर मी जास्त वलयांच्या तासलेल्या तुळईपेक्षा कमी वलयांचा पण कड शाबूत असलेला तुकडा उचलेन.

मग वलयांची संख्या. तीस-चाळीस वलयांतही वळणजुळणी होते, पण ऐंशी-शंभर असतील तर काम खूप भरवशाचं होतं. झाडाची जात ओळखून घ्या. ओक, लार्च, पाइन, ज्युनिपर यांची वलयं बहुधा स्पष्ट असतात. उष्ण प्रदेशातल्या कित्येक झाडांना वार्षिक वलयंच नसतात. साग हा त्यातला सन्माननीय अपवाद.

तिसरी गोष्ट अनेकजण विसरतात: लाकडाला काय काय लावलं गेलंय? पाण्यात सापडलेल्या लाकडात संग्रहालयं पॉलिएथिलीन ग्लायकॉल मुरवतात. जुन्या खांबांना क्रिओसोट किंवा डांबर फासलेलं असतं. हे सगळं खनिज तेल किंवा कोळशापासून आलेलं, म्हणजे यात कार्बन-१४ शून्य. असा ‘मेलेला’ कार्बन नमुन्याला खोटं म्हातारपण देतो. शक्य असेल तर संवर्धनाच्या आधीच नमुना काढून ठेवा. ओलं लाकूड ओलंच, थंड आणि अंधारात ठेवा, वाळू देऊ नका. वाळलं की ते फाटतं, वलयं चुरगळतात आणि मोजणी तिथेच संपते.

दुसरी पायरी: पृष्ठभाग

कोरड्या लाकडाचा आडवा छेद घ्या आणि सँडपेपर ८० नंबरपासून सुरू करून १२०, २२०, ४०० असा चढत्या क्रमाने वापरा. प्रत्येक नंबरला आधीच्या नंबरचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत थांबायचं. घाई केली की ४०० नंबरनंतरही ८० चे ओरखडे दिसतात आणि अरुंद वलयं त्यांच्यात लपतात. ओल्या लाकडावर सँडपेपर चालत नाही. तिथे नवी कोरी ब्लेड घ्यायची आणि दर काही कापांनंतर बदलायची.

चांगला झालेला पृष्ठभाग भिंगाखाली पाहण्यासारखा असतो. ओकमध्ये प्रत्येक वर्षाची सुरुवात मोठ्या छिद्रांच्या एका ओळीने होते. हे वसंतकाष्ठ. त्याच्या बाहेर दाट, गडद शरदकाष्ठ. मग अचानक एक रेघ, आणि पुन्हा छिद्रांची ओळ. एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत एक वर्ष. बोट ठेवलं तर त्याखाली दहा-पंधरा वर्षं झाकली जातात.

इथे एक सूचना, अगदी कळकळीची. वलयांवर खुणा करताना पेन्सिल वापरायची सवय असते: दर दहा वलयांना एक ठिपका, पन्नासला दोन, शंभराला तीन. पण पेन्सिलचं शिसं म्हणजे ग्राफाइट, म्हणजे निव्वळ मेलेला कार्बन. ज्या पट्टीतून नमुने कापायचे त्या पट्टीवर पेन्सिल, पेन, डिंक काहीही लावू नका. तिथे सुईने बारीक टोचून खूण करा आणि पेन्सिलचे ठिपके शेजारच्या, न कापायच्या त्रिज्येवर ठेवा.

तिसरी पायरी: मोजणी आणि पडताळणी

एकाच त्रिज्येवर कधीही विसंबू नका. किमान दोन, जमलं तर तीन त्रिज्या मोजा आणि दर दहाव्या वलयावरून एका त्रिज्येवरून दुसरीवर वलयाचा माग काढत जा. मी एका छेदावर एका बाजूने ११२ वलयं मोजली होती आणि दुसऱ्या बाजूने ११३. पुन्हा पुन्हा मोजलं, तेच. शेवटी एकेक वलय धरून संपूर्ण परिघावर फिरलो तेव्हा सापडलं: एक वलय गाठीजवळ निमुळतं होत होत शेजारच्यात विरून गेलं होतं. त्या बाजूला झाडाने त्या वर्षी लाकूड केलंच नव्हतं. उलटही घडतं. वाढीच्या मध्येच कोरडा काळ आला तर एका वर्षात दोन वलयांचा भास होतो. खोटी रेघ ओळखायची खूण अशी की तिच्या दोन्ही बाजूंना पेशींचा आकार हळूहळू बदलतो. खऱ्या रेघेच्या बाहेरच्या बाजूला मात्र बदल एकदम होतो.

वलयांची रुंदी ०.०१ मिलिमीटरपर्यंत मोजा आणि त्याच ठिकाणच्या दुसऱ्या लाकडांशी जुळवून पाहा. रुंद-अरुंद वर्षांची ही रांग ठशासारखी असते. कोफेचासारखा प्रोग्रॅम संशयास्पद जागा दाखवून देतो, निर्णय मात्र भिंगाखाली पाहूनच घ्यायचा.

ही रांग त्या प्रदेशाच्या प्रमाणित कालक्रमाशी (जिच्यातल्या प्रत्येक वलयाचं वर्ष ठाऊक आहे अशा रांगेशी) जुळली तर कार्बन-१४ ची गरजच उरत नाही! ए. ई. डग्लस या खगोलशास्त्रज्ञाने १९२९ मध्ये अॅरिझोनातल्या शो लो इथल्या एका जळक्या तुळईच्या आधारे हेच केलं. त्यांच्याकडे एक कालक्रम वर्तमानाशी जोडलेला होता आणि दुसरा जुन्या वस्त्यांमधला, कशालाच न बांधलेला, तरंगता. एचएच-३९ क्रमांकाच्या त्या तुळईने दोन्ही सांधले. आपला कालक्रम असा तरंगताच राहिला, तर पुढच्या पायऱ्या.

चौथी पायरी: कोणती वलयं पाठवायची?

सगळा कस इथे लागतो.

आधी एकच नमुना पाठवा, शक्यतो बाहेरच्या बाजूचा. तो आपण वक्राच्या कोणत्या भागात आहोत ते सांगतो. मग वक्राचा तेवढा भाग समोर ठेवून बाकीचे नमुने ठरवा. मोठी चढण किंवा उतार जवळपास असेल तर नमुने तिच्या दोन्ही बाजूंना यायला हवेत. सहा नमुने शेजारी-शेजारी घेतले तर सहाही एकच गोष्ट सांगतील. तेच सहा पूर्ण शंभर वलयांवर पसरले तर आकार उमटतो. पहिल्या आणि शेवटच्या नमुन्यातलं अंतर जितकं मोठं तितकं चांगलं.

दहा-दहा वलयांचे गठ्ठे घ्यावेत की सुटी वलयं? वक्राचा बराच भाग पूर्वी दहा-वीस वलयांच्या सरासरीवर उभा होता, त्यामुळे गठ्ठे घेण्याची पद्धत रूढ झाली. आता वर्षागणिक मोजमापं वाढत आहेत आणि वलय पुरेसं रुंद असेल तर मी सुटंच वलय घेईन. अरुंद असतील तर पाचचा गठ्ठा. मात्र गठ्ठ्यातल्या प्रत्येक वलयाचं लाकूड साधारण सारखं यायला हवं, नाहीतर त्याचा मध्य सरकतो.

अॅक्सिलरेटर मास स्पेक्ट्रोमेट्रीला (कार्बन-१४ चे अणू थेट मोजण्याच्या पद्धतीला) सुमारे एक मिलिग्रॅम कार्बन पुरतो. स्वच्छतेत बरंच लाकूड जातं म्हणून दर नमुन्यामागे २० ते ५० मिलिग्रॅम लाकूड हाती असलेलं बरं. सँडपेपर मारलेला पृष्ठभाग आधी ब्लेडने तासून टाका, कारण त्या भुकटीत सगळ्या वलयांची सरमिसळ असते. ओकसारख्या झाडात वसंतकाष्ठासाठी झाड आदल्या वर्षीचा साठाही वापरतं, म्हणून एकेका वर्षाची बाब असेल तर शरदकाष्ठच घ्या. प्रत्येक कापानंतर ब्लेड पुसा, नमुना अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये ठेवा आणि वलय क्रमांक लगेच लिहा. नंतर लिहू म्हटलं की घोटाळा झालाच.

पाचवी पायरी: प्रयोगशाळेत काय घडतं आणि आपण काय विचारायचं

लाकडात फिरणारी द्रव्यं, राळ, जमिनीतून आलेली आम्लं, सगळं काढावं लागतं. नेहमीची रीत आम्ल-अल्कली-आम्ल अशी तीन धुण्यांची. वळणजुळणीसाठी पुढे जाऊन सोडियम क्लोराइटने लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा घटक) काढून सेल्युलोज वेगळं करायला सांगा. राळ एका वलयातून दुसऱ्यात झिरपते, सेल्युलोज जागचं हलत नाही. पाइनच्या बाबतीत हा आग्रह जरूर धरा. शुद्ध सेल्युलोज पांढरंशुभ्र, कापसासारखं दिसतं. ते जाळून कार्बन डायऑक्साइड, आणि लोखंडाच्या भुकटीवर हायड्रोजनच्या मदतीने त्याचं ग्राफाइट.

थोडी अशुद्धी राहिली तर काय बिघडतं? साधारण २,००० वर्षं जुन्या लाकडात आधुनिक कार्बनच्या ७८ टक्के कार्बन-१४ उरलेला असतो. त्यात एक टक्का आजच्या काळातला कार्बन मिसळला तर वय सुमारे २३ वर्षांनी कमी येतं. एक टक्का मेलेला कार्बन मिसळला तर सुमारे ८० वर्षांनी जास्त. इतक्या वयाच्या लाकडात डांबर आणि पेन्सिल मुळ्यांच्या तंतूंपेक्षा धोकादायक आहेत ते यामुळे.

वय काढण्याचं सूत्र सोपं आहे: आधुनिक कार्बनच्या अंशाचा नैसर्गिक लॉगरिदम गुणिले उणे ८०३३. ०.७८ घातलं की १,९९६ येतं. ८०३३ हा आकडा लिबींच्या ५,५६८ वर्षांच्या अर्धायुष्यावरून (कार्बन-१४ निम्मा व्हायला लागणाऱ्या काळावरून) आला आहे. आज मानलेलं अर्धायुष्य ५,७३० आहे, तरी रूढी म्हणून जुनंच वापरतात आणि वक्रही त्याच मापात असल्यामुळे फरक तिथेच जिरतो. आपण स्वतः कुठलीही दुरुस्ती करू नये. अहवालात वयापुढे लिहिलेलं ‘बीपी’ म्हणजे १९५० च्या आधी, अहवालाच्या तारखेच्या आधी नव्हे.

अहवालात हे सगळं मागून घ्या: आधुनिक कार्बनचा अंश, त्याची त्रुटी, कार्बन-१३ चं प्रमाण, स्वच्छतेची पद्धत, आणि त्याच तुकडीत मोजलेल्या ज्ञात वयाच्या लाकडाचा निकाल. शेवटची गोष्ट द्यायला एखादी प्रयोगशाळा का-कू करत असेल तर दुसरी शोधा.

सहावी पायरी: वक्रावर बसवणं

ऑक्सकॅल हा ऑक्सफर्डचा प्रोग्रॅम विनामूल्य वापरता येतो. त्यात ‘डी सीक्वेन्स’ निवडा. सर्वात आतलं, म्हणजे सर्वात जुनं वलय आधी. मग अंतर, मग पुढचं वय, पुन्हा अंतर. क्रम उलटा घातला तर प्रोग्रॅम तक्रार करेलच असं नाही, कधीकधी दिसायला बरंही उत्तर देतो.

अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजायचं. पहिला गठ्ठा १ ते १० वलयांचा आणि दुसरा ३१ ते ४० चा असेल तर मध्य ५.५ आणि ३५.५, म्हणजे अंतर ३०. शेवटचा गठ्ठा ९१ ते १०० चा आणि सालीखालची कड ११८ व्या वलयावर असेल तर शेवटी आणखी २२.५ जोडा. मग जी तारीख येते ती झाड तोडल्याची.

वक्र कोणता घ्यायचा हेही पाहा. दक्षिण गोलार्धात समुद्र जास्त असल्यामुळे तिथली लाकडं त्याच वर्षी सरासरी ३५-४० वर्षं जुनी भासतात, म्हणून त्यांच्यासाठी एसएचकॅल२० आहे. विषुववृत्तालगतच्या पट्ट्यात दोन्हीकडची हवा मिसळते. तिथे दोन्ही वक्रांवर उत्तर काढून तफावत अहवालात मांडणं प्रामाणिकपणाचं.

जुळणी किती चांगली ते सांगणारा निर्देशांक प्रोग्रॅम देतो. सहा नमुन्यांना तो सुमारे २९ टक्क्यांच्या वर हवा. कमी आला तर लगेच एखादं नावडतं वय वगळू नका. आधी वलयं पुन्हा मोजा, मग अंतरं तपासा, मग प्रयोगशाळेला फोन करा. वय वगळणं हा शेवटचा उपाय, आणि वगळलं तर ते कारणासह नोंदवा.

सातवी पायरी: नेमकं वर्ष गाठायचं असेल तर

२०१२ मध्ये नागोया विद्यापीठातल्या फुसा मियाके यांनी याकुशिमा बेटावरच्या जपानी सीडरची वलयं एकेक करून मोजली. इ.स. ७७४ आणि ७७५ या शेजारच्या दोन वलयांमध्ये कार्बन-१४ सुमारे १.२ टक्क्याने चढलेला होता. एक टक्का म्हणजे कार्बनवयाची ८० वर्षं, हे लक्षात घ्या: एका वर्षात घड्याळ जवळजवळ शंभर वर्षं मागे फिरलं! बहुधा सूर्याकडून आलेल्या प्रचंड ऊर्जेच्या कणांचा हा परिणाम. अशा आणखी उड्या नंतर सापडल्या: इ.स. ९९३ च्या सुमाराची थोडी लहान, इ.स.पू. ६६० च्या आसपासची, इ.स.पू. ५२५९ आणि इ.स.पू. ७१७६ च्या.

वळणजुळणीने आपलं लाकूड अशा वर्षाला ओलांडून जातंय असं दाखवलं तर सोडू नका. अपेक्षित जागेच्या दोन्ही बाजूंना वीस-पंचवीस वलयांची खिडकी ठरवा. सगळी मोजायची गरज नाही. उडी मारल्यावर पातळी काही वर्षं वरच राहते आणि हळूहळू उतरते, त्यामुळे आधी दर पाच-सहा वलयांनी एक नमुना मोजा. पायरी कोणत्या दोन नमुन्यांमध्ये आहे ते दिसलं की मधली वलयं एकेक करून मोजा. नेहमीच्या मोजमापाची त्रुटी ०.२ ते ०.२५ टक्के असते. १.२ टक्क्यांची उडी तिच्यात सहज दिसते. ९९३ च्या उडीसाठी मात्र प्रत्येक वलयाची दोन मोजमापं घ्या. आणि एक सावधगिरी: ७७५ ची चढण उत्तरेकडच्या काही झाडांत ७७४ च्याच वलयात सुरू झालेली दिसते. आपल्या अक्षांशाजवळचं ज्ञात झाड तुलनेला घ्या, नाहीतर एक वर्ष चुकेल.

कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमधल्या लान्स-ओ-मेडोज या नॉर्स (व्हायकिंग) वस्तीवर हे फार सुंदर रीतीने केलं गेलं. तीन वेगवेगळ्या झाडांचे तुकडे, तिन्हींवर धातूच्या हत्याराच्या खुणा, तिन्हींना सालीखालची कड. ९९३ ची उडी शोधली, तिथून कडेपर्यंत वलयं मोजली: २८. तिन्हींमध्ये २८. झाडं तोडली ते वर्ष १०२१. हा निकाल २०२१ साली प्रसिद्ध झाला, बरोबर एक हजार वर्षांनी. २०२४ मध्ये उत्तर ग्रीसमधल्या दिस्पिलिओ या तळ्याकाठच्या नवाश्मयुगीन वस्तीचा तरंगता कालक्रम इ.स.पू. ५२५९ च्या उडीने असाच वर्षाला बांधला गेला.

तारखेचा अर्थ लावताना

मिळालेलं वर्ष झाड तोडल्याचं असतं, घर बांधल्याचं नव्हे. तुळया पुन्हा वापरल्या जातात. निकामी खाचा, जुनी खिळ्यांची भोकं, उगाच वाटणारा एखादा कोन दिसला तर लाकूड आधी दुसरीकडे होतं असं समजा. कड नसेल पण रसकाष्ठाचा (सालीलगतच्या बाहेरच्या लाकडाचा) फिकट पट्टा थोडासा उरला असेल तर हरवलेल्या वलयांचा अंदाज त्या जातीच्या, त्या प्रदेशाच्या आकडेवारीवरून बांधता येतो. तोही नसेल तर ‘अमुक वर्षानंतर’ एवढंच लिहा, अंदाजे कुठलंही वर्ष जोडू नका.

आणि उरलेली पट्टी जपा. वलय क्रमांकांसह फोटो, सुईच्या खुणा तशाच, कोरड्या जागी (ओलं लाकूड असेल तर ओलंच), फॉइलमध्ये. लान्स-ओ-मेडोजच्या त्या तुकड्यांना त्यांचं वर्ष मिळालं ते उत्खननानंतर कित्येक दशकांनी. ते खणून काढले तेव्हा ९९३ च्या उडीबद्दल कुणालाच काही माहीत नव्हतं, पण तुकडे फेकून दिले गेले नव्हते आणि कड खरवडली गेली नव्हती.